बार्शी रोडच्या उस्तादांचा रिव्ह्यू: झेनचं हेड गॅस्केट, आणि ते उडालं कशानं

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक कुठं कापला ते पुढं येईलच. रिव्ह्यू लांब होणारे कारण हेड गॅस्केटचं (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, ह्यांच्या मधल्या पातळ पत्र्याचं) काम म्हणजे पंक्चर नाही, आणि ज्याच्या दारात जुनी गाडी उभीय आणि रोज सकाळी रेडिएटरमधी पाणी घालावं लागलालंय त्याला हे सगळं वाचायचंच असणार.

गाडी आमची २००२ ची झेन. एमएच २४, म्हणजे लातूरची. बाबांनी नवी घेतली होती, तेव्हा गल्लीत दोनच गाड्या, एक आमची आणि एक डॉक्टरांची. ९९३ सीसी, चार सिलेंडर, इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं. झेन बंद होऊन जमाना झाला, २००६ लाच बंद झाली ती, पण आमची आरटीओतून पासिंग करून करून चालूच आहे आणि एक लाख बेचाळीस हजार किलोमीटरला पण पळायची मस्त. लोकं म्हणतात भंगारात द्या. द्यायची नाही, विषय संपला.

तर झालं असं की मे महिन्यात सोलापूरला लग्न होतं, बायकोकडचं. परत येताना मी, बायको, सासूबाई, मेव्हण्याचं पोरगं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि आहेरात आलेलं एक मोठं पितळी घंगाळ. दुपारचे तीन. एसी चालू. तुळजापूरचा घाट लागला आणि पुढं ऊस भरलेला नाही पण तसाच कसलातरी लोड घेतलेला ट्रक, त्याच्या मागं दुसऱ्या गिअरमधी रांगत चाललो, आणि बघतो तर टेंपरेचरचा काटा कायम जिथं असतो त्याच्या वर, मग अजून वर. एसी बंद केला. खिडक्या खोलल्या. मग कुठंतरी ऐकलेलं आठवलं की अशा वेळी हीटर फुल चालू करायचा म्हणजे इंजिनची गर्मी आत निघते, ते खरंय, केबिनचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, म्हणून हीटर लावला. मे महिना, दुपार, गाडीत चार माणसं आणि हीटर फुल. सासूबाई पैठणीत. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि मला तेच जास्त लागलं.

इथं माझी चूक लिहून ठेवतो. काटा एचला टेकल्यावर मी थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. म्हणलं आता आलाच वर, तुळजापूरला जाऊन थांबू, सावली तरी मिळंल. त्या चार-पाच किलोमीटरनी जे करायचं ते केलं. वर पोचलो आणि बोनेटमधून वाफ, एका ढाब्यासमोर लावली, ढाब्यावरचं पोरगं बिचारं मदतीच्या भावनेनं बादली घेऊन पळत आलं आणि मी ती बादली घेऊन सरळ इंजिनवर आणि रेडिएटरवर ओतली. चर्रर्र आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यावर तवा कसा टण्ण करून वाकतो, तसं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हे मला आता माहितेय, तेव्हा माहीत नव्हतं. झाकण उघडलं नाही एवढं बरं केलं, नाहीतर तोंड भाजलं असतं, त्या झाकणाखाली दाब असतो, पाणी शंभरच्या वर तापलेलं असूनही उकळत नाही आणि झाकण काढलं की एका झटक्यात उकळून अंगावर येतं.

तुळजापूर ते लातूर साडेचार तास लागले. दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबायचं, थंड होऊ द्यायची, बिसलेरीच्या बाटल्या ओतायच्या. औशाच्या अलीकडं सासूबाई पहिल्यांदा बोलल्या, "जावई, आपण देवीचं दर्शन न घेताच पुढं आलाव, म्हणून झालं हे." मी हो म्हणलं. त्या वेळी तेच सगळ्यात सोपं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजला नेली. नाव घेत नाही, रोज त्यांच्या दारावरून जावं लागतं. त्यांनी पाच मिनिटात सांगितलं रेडिएटर चोकप. रेडिएटर काढून धुतला. थर्मोस्टॅट व्हॉल्व, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेकून दिला, म्हणे आपल्याकडच्या उन्हात ह्याची गरजच नाही, हा थंड मुलखातल्या गाड्यांना लागतो. चार दिवसांनी परत तेच. मग एक डबा आणला, लीक बंद करायचा, रेडिएटरमधी ओतला, म्हणे आतल्या आत सगळं बुजतं. तो डबा म्हणजे काय असतं तर पाण्यातून फिरणारं चिकट औषध, गरम जागी जाऊन कडक होतं, भोक बुजलं तर बुजलं, नाहीतर रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरच्या नळ्या तरी नक्की बुजतात. आमच्या बाबतीत दुसरं झालं. एकूण ७,४०० रुपये आणि सोळा दिवस. शेवटी मालक म्हणले इंजिन गेलं तुमचं, दुसरं जुनं इंजिन आणून बसवू, तीस हजार तयार ठेवा.

तीस हजार ऐकून मी गाडी ढकलत नाही पण जवळपास तशीच घरी आणली. माझा मावसभाऊ टेम्पो चालवतो, त्याला फोन केला, तो म्हणला कुठं कुठं फिरलालास, उस्तादकडं जा की. कोण उस्ताद? बार्शी रोडला एमआयडीसीकडं जाताना, पाटी नाही, एक मोठा कडुलिंब आहे त्याच्या खाली कायम तीन-चार जुन्या गाड्या उभ्या असतात, एक कायम बिनबोनेटची. विचारलं की कुणीबी सांगतं.

आता खरा रिव्ह्यू सुरू.

जागा: पत्र्याचं शेड, एक खड्डा, बसायला एक जुन्या जीपचं सीट जमिनीवर ठेवलंय. टॉयलेट नाही. चहा येतो, दर अर्ध्या तासाला येतो, नको म्हणलं तरी येतो. उस्ताद पासष्टीचे असतील, पांढरी दाढी, कमी बोलणारा माणूस, पोरांशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत. मी सकाळी साडेआठला गेलो, गाडी रात्रभर थंड होती, आणि हे महत्त्वाचंय, त्यांनी मला फोनवरच सांगितलं होतं की गरम गाडी आणू नका, रात्री इथंच आणून लावा, सकाळी मी स्वतः चालू करतो.

पहिला प्रश्न काय विचारला असेल? किती चालली, कुठं तापली, ह्यातलं काही नाही. "पाणी कोणतं घालता?"

म्हणलं बोअरचं.

"किती वर्षं?"

म्हणलं कायमच. बाबा पण तेच घालायचे.

ते पोराकडं बघून हसले फक्त.

मग थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढलं, गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि पोराला म्हणले स्टार्टर मार. गाडी चालू झाली आणि अर्ध्या मिनिटात पाण्यातनं बुडबुडे, सोड्याची बाटली उघडल्यासारखे, थांबेचनात. मला जवळ बोलावलं आणि नाक लावायला सांगितलं. पेट्रोलच्या धुराचा वास, पाण्यातून. मग झाकण लावलं आणि वरचा होज पाईप दाबायला लावला, इंजिन अजून कोमट पण नव्हतं आणि पाईप दगडासारखा कडक. म्हणले पाणी तापल्याशिवाय दाब कुठून आला? सिलेंडरमधून. म्हणजे आतला जाळ पाण्यात घुसलालाय.

इतकं सोपं करून मला सोळा दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. हेड गॅस्केट म्हणजे काय तर कुकरची रिंग समजा, फक्त हिचं काम तिप्पट अवघड. खाली ब्लॉक, वर हेड, मधी हा पातळ पत्रा, आणि त्याच एका पत्र्यानं तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, सिलेंडरमधला जाळ, फिरणारं पाणी आणि फिरणारं ऑइल. कुकरची रिंग गेली तर शिट्टी होत नाही एवढंच, ही गेली की कुठलं कशात मिसळंल सांगता येत नाही. जाळ पाण्यात गेला तर पाणी बाहेर फेकतं, पाणी सिलेंडरमधी गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, पाणी ऑइलमधी गेलं तर ऑइलचा चहा होतो. आमच्या गाडीचं ऑइलचं झाकण उलटं करून दाखवलं, आतून पिवळट साय. मी ती आधी पण बघितली होती, मला वाटलं ग्रीस असंल.

तरी लगेच खोललं नाही. चारी प्लग काढले, गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधी किती दाब बनतो ते बघितलं, बाकी तीन सिलेंडरला १७० च्या आसपास आणि तिसऱ्याला ११०. तिसऱ्याचा प्लग पण बाकीच्यांपेक्षा चकचकीत, धुऊन ठेवल्यासारखा. मग म्हणले, "हेड उतरवावं लागतंय मालक. गॅस्केट दीड-दोन हजाराचं हाय, ते काय विषय नाही. ते उडालं कशानं ते बघितल्याबिगर मी बसवणार नाही. चालतंय का बघा, नाहीतर दुसरीकडं जावा."

ह्या वाक्याला मी तीन स्टार दिलेत. गॅस्केट बदलणारे लातुरात पन्नास मिळतील.

त्याच दिवशी दुपारी खोलायला घेतली. मी सुट्टी टाकून बसलो, म्हणलं बघूच. हेडला दहा बोल्ट असतात, ते एकदम एकेक करून काढायचे नसतात, बाहेरून आत यायचं आणि थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर हेड तिथंच वाकतं. पोरगं घाई करायला लागलं तर उस्ताद ओरडले, "ए पोट्टे, नक्को घाई, शादी में जानेका है क्या तेरेकू." एक्झॉस्टचा एक स्टड गंजून तुटला, तो काढण्यात संध्याकाळ गेली. तो स्टड काढताना तेल टाकून, गरम करून, परत तेल टाकून जे काही चाललं होतं ते बघून मला वाटलं दातांचा डॉक्टर पण एवढं करत नाही.

हेड उचललं आणि मला हाक मारली. चार पिस्टन, तीन काळेकुट्ट कार्बननं, आणि तिसरा स्वच्छ, चांदीसारखा. म्हणले हे बघा, ह्यात पाणी जायचं, वाफ व्हायची, वाफेनं धुऊन निघाला. गॅस्केट पण तिथंच जळालेलं, तिसऱ्या सिलेंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत एक काळी रेघ, अर्ध्या करंगळीएवढी. एवढ्याशा रेघेनं आमचं लग्न गाजवलं.

पण खरी गोष्ट गॅस्केटच्या बाजूला होती. ब्लॉकमधली आणि हेडमधली पाण्याची भोकं, त्यातली दोन अर्धी बंद. पांढरा, दगडासारखा थर. उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून एक खपली माझ्या हातावर ठेवली. मी लगेच ओळखलं, आमच्या घरच्या गीझरच्या कॉइलवर हाच थर असतो, पातेल्याच्या तळाला हाच असतो, बाथरूमच्या नळाला हाच असतो. बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी तापलं की ते खाली बसतात, आणि गाडीत रोज तापवणं चालू. बाहेरून इंजिन ठीक, आत माठाला जसा पांढरा फेर धरतो तसं सगळं धरलेलं. त्या थरातून गर्मी पाण्यात जातच नाही, हेडचा तेवढाच भाग जास्त तापतो, आणि गॅस्केट तिथंच उडतं.

आता लातूरकरांना हे वाचून वाटंल की डिस्टिल्ड वॉटर घालायचं माहीत नव्हतं का ह्याला. अहो २०१६ च्या एप्रिलमधी आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, मी स्वतः स्टेशनकडं बघायला गेलो होतो. त्या वर्षी आंघोळीचं पाणी बाथरूमच्या बाहेर बादलीत धरून झाडांना घालायचो, रेडिएटरला जे मिळालं ते घातलं, बोअरचं मिळत होतं हेच नशीब. मांजरा धरण भरलं, पाणी आलं, पण सवय तीच राहिली. चूक हीच की परिस्थिती बदलली तरी मी बाटली बदलली नाही. उस्ताद म्हणले इकडच्या निम्म्या जुन्या गाड्या अशाच मरतात, मालकाला वाटतं कंपनीचं इंजिन नाजूक.

दुसरं कारण पण निघालं. रेडिएटरचा फॅन. तो सलग चालत नसतो, पाणी ठराविक तापलं की एक स्विच त्याला चालू करतो. आमचा स्विच कधी लागायचा कधी नाही. गावात हळू चालताना आणि घाटात दुसऱ्या गिअरला समोरून हवा कमी, तेव्हाच फॅन लागतो आणि तेव्हाच तो झोपलेला. हायवेला हवा लागायची म्हणून कळलं नाही. आणि आधीच्या गॅरेजनं सोळा दिवसांत फॅन फिरतो का हे एकदाही बघितलं नव्हतं, ह्याचा राग मला अजून येतो. थर्मोस्टॅट काढल्याबद्दल पण उस्तादांनी डोक्याला हात लावला, तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि त्या दिवसांत माझं ॲव्हरेज पडलं होतं हे मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. नवीन टाकला. म्हणले कंपनीवाल्याला काय येड लागलं होतं का तो बसवायला.

हेड मग लेथवाल्याकडं गेलं. मी सोबत गेलो, स्कूटरवर पुढं हेड ठेवून, गोणपाटात गुंडाळून. तिथं पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज घालतात, किती फट आहे बघायला. ०.०५ मिलिमीटरच्या आत असंल तर चालतं म्हणे, आमचं ०.१५ निघालं. केसाच्या जाडीची दोन-तीन पट फरक, डोळ्याला काहीच दिसत नाही, मला तर आरशासारखं सपाट वाटलं. तुळजापूरची बादली आठवली. आधी प्रेशर टेस्ट केली, सगळी भोकं बंद करून आत हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचं, ट्यूबचं पंक्चर बघतात तसंच, क्रॅक असंल तर बुडबुडे. नव्हते. तेव्हा मी पहिल्यांदा श्वास सोडला कारण क्रॅक असतं तर हेडच नवीन, आणि झेनचं हेड आता शोधायचं कुठं. मग फेस मारला, म्हणजे हेडचा खालचा भाग घासून सपाट केला, जेवढा लागतो तेवढाच, जास्त मारला तर कॉम्प्रेशन वाढतं आणि गाडी टकटक करते.

आता तो कापलेला स्टार. लेथवाल्याकडं हेड चार दिवस पडून राहिलं. उस्ताद म्हणले होते दोन दिवस. त्यांचा दोष नाही पण ते फोन पण उचलत नाहीत, फोन शेडमधी खुंटीला टांगलेला असतो आणि वाजत राहतो. तीन दिवसांत होतंय म्हणलेली गाडी अकराव्या दिवशी मिळाली. मधी एक दिवस शुक्रवार, एक दिवस गॅस्केट सेट सोलापूरहून यायचा होता तो आला नाही कारण त्यांना लोकल माल नको होता. दुकानदारानं एक स्वस्त सेट दाखवला होता, साडेआठशेचा, उस्तादांनी तो हातात धरला, बोटानं वाकवला आणि परत दिला, काही बोलले पण नाहीत. बरोबर केलं, पण मला दोन दिवस ऑफिसला सिटी बसनं जावं लागलं आणि हे कुणी फोन करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बिलाचं पण तसंच, छापील बिल नाही, वहीच्या पानावर उर्दूत आकडे आणि मराठीत नावं, मागितल्यावर परत मराठीत लिहून दिलं. ज्यांना ऑफिसला बिल लावायचंय त्यांनी इथं येऊ नका. सीटवर ऑइलचा पंजा उमटवून दिलाय पोरांनी, तो अजून गेला नाही, बायको त्याला गॅरेजचा शिक्का म्हणते.

बसवायचं काम मात्र बघण्यासारखं. ब्लॉकचा वरचा भाग ब्लेडनं खरवडला, सिलेंडरमधी फडकी कोंबून, म्हणजे कचरा आत जाऊ नये. ग्राइंडर लावला नाही, पोरगं लावायला निघालं होतं, परत शिव्या. पाण्याची भोकं तारेनं साफ केली. बोल्टची भोकं एकेक करून हवेनं उडवली, मी विचारलं ह्यात काय जातंय, तर म्हणले खाली थेंबभर पाणी जरी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबत नाही, एकतर ब्लॉक फुटतो नाहीतर पान्याला वाटतं आवळला आणि खरं तर आवळलेलाच नसतो. बोल्ट नवीनच टाकले. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना, काढला, लाकडी पेटीतून, फडक्यात गुंडाळलेला, त्याला पोरांनी हात लावायचा नाही असा नियम दिसला. ह्यावेळी मधून बाहेर, तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला दहाही बोल्ट, कट्ट आवाज आला की पुढचा. आधीच्या गॅरेजमधी दोन फुटी पाईप लावून आवळताना मी बघितलंय, दुसऱ्याच्या गाडीचं.

टायमिंग बेल्ट काढावाच लागतो ह्या कामाला, म्हणून तो आणि टेन्शनर नवीन, वॉटर पंप पण नवीन कारण मजुरी तीच. रेडिएटर त्या डब्यातल्या औषधानं निम्मा गेला होता, तो पण नवीन. म्हणजे ७,४०० मधे जो साफ केला होता तोच.

शेवटी कुलंट (रेडिएटरमधी साध्या पाण्याऐवजी घालतात ते) भरताना गाडीचं तोंड चढावर केलं, दगड लावले, हीटर फुल, झाकण उघडं, आणि पाईप दाबत बसले वीस मिनिटं. आत हवा अडकली की पाणी फिरत नाही आणि नवीन गॅस्केट पहिल्याच दिवशी जातं. बुडबुडे थांबले. फॅन लागला, बंद झाला, परत लागला. तेव्हा ते म्हणले, "आता चहा सांगा." अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः चहा मागितला. ऑइल बदलून दिलं पण हे फक्त तीनशे किलोमीटर चालवा आणि परत या म्हणले, आत राहिलेलं पाणी ह्याच्यासोबत निघून जाईल, मग चांगलं ऑइल टाकू. तसंच केलं.

पैसे एकूण १८,९८०. वरचे ऐंशी सोडले. त्यात मजुरी ५,०००, बाकी माल आणि लेथ. रेडिएटर २,८०० चा आणि गॅस्केटचा पूर्ण टॉप सेट २,१५० चा. जुन्या गाडीला एवढे घालणं शहाणपणाचं का, हे मला विचारू नका, माझ्या सासऱ्यांनी विचारून झालंय. पण "हेड गॅस्केट दहा हजारात" असं जे सांगतात ते फक्त गॅस्केट बदलून देतात आणि सहा महिन्यांनी परत येता तुम्ही.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी खाली दोन थेंब कुलंट दिसलं, हिरवं. माझ्या पोटात गोळाच आला. नेली, तर एका होजची क्लिप सैल राहिली होती. पोरानं लावली होती ती. उस्तादांनी पोराला काही न बोलता क्लिप स्वतः आवळली आणि मला म्हणले चुकी झाली, पैसे नाही घेतले. हे पण लिहितो कारण चूक झाली हे खरं, आणि चुकी झाली म्हणणारा मेकॅनिक मी पहिल्यांदा बघितला.

आता साडेतीन महिने झाले, २,९०० किलोमीटर. कुलंटच्या बाटलीतली लेव्हल मार्करनं रेघ मारून ठेवलीय, सुतभर पण हललेली नाही. काटा मधल्याच्या जरा खाली, तिथून हलत नाही. ॲव्हरेज परत आलं. मागच्या रविवारी मुद्दाम सोलापूरला जाऊन घाट चढून आलो, एसी लावून, सासूबाईंना घेऊन. ह्यावेळी त्यांनी वर आल्या आल्या दर्शन घ्यायला लावलं, तासभर रांगेत होतो, परत येऊन बघितलं तर गाडीखाली एक थेंब पाणी होतं. बोट लावलं, वास घेतला. एसीचं होतं.

कुणाला जायचं असंल तर: सकाळी आठ ते बारा जावा, दुपारी ते झोपतात. शुक्रवारी दुपारी बंद. गाडी रात्रीच नेऊन लावायची, थंड. दिलेल्या तारखेत आठ दिवस मिळवून धरायचे. आणि पाणी कुठलं घालता ते आधीच आठवून ठेवा, खोटं बोलून उपयोग नाही, हेड उचललं की कळतं त्यांना.